वंशावळीचा कागद

सर्जापूर रोड,
ता. ४ जून २०२५

ती. स्व. आत्यांना राजीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून मानसिंगच्या हाती पत्र देतेय.

चंदनाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. चार वर्षांची झाली तरी ती आधाराशिवाय बसत नाही, त्याचं मूळ एका जनुकातल्या बिघाडात आहे. अर्धा माझ्याकडून आला, अर्धा तुमच्या मानसिंगकडून. आम्ही मामे-आतेभावंडं, त्यामुळे एकाच घराण्यातला बिघाड दोन्ही वाटांनी तिच्यापर्यंत पोचला. एकाच बाजूने आला तर त्रास होत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हा गरोदरपणी मी स्कूटर चालवली म्हणून असं झालं, हे म्हणणं आता सोडा. मी फार थकलेय, आत्या. रिपोर्ट वाचून रडूसुद्धा आलं नाही.

आता तुमच्या धाकट्या विराटला माझी धाकटी बहीण भव्या करताय. म्हणजे पुन्हा तेच नातं. साखरपुड्याआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं, एवढंच मागते. सोबत डॉक्टरांचा वंशावळीचा कागद आहे. तुमची सगळी मुलं भरा, गेलेली असतील तर तीही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
राजलक्ष्मी

बसवनगुडी,
ता. ९ जून

चि. सौ. राजीस अनेक आशीर्वाद.

सासूला पत्र लिहितेस की नोटीस बजावतेस? घरची मुलगी घरात, हे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मीही माझ्या आत्याच्याच घरात आले. माझे दोघे धडधाकट आहेत ना? रक्त तपासलं की मुलीत खोट आहे असं चार घरांत होणार. भव्याचं तोंड बघवेल का तुला?

कागद भरलाय. मुलगे दोन, दोघेही खुशाल. चंदनासाठी रागीचं पीठ पाठवतेय, स्वल्प गूळ घालून दे. स्वतःही जेवत जा.

तुझी आत्या,
वसुमती

सर्जापूर रोड,
ता. १२ जून

ती. स्व. आत्यांना शि. सा. न.

कागद मिळाला. रागी चंदनाने खाल्ली.

भव्या म्हणते, आत्यांनी सांगितल्याशिवाय रक्त देणार नाही. आता मी कुणाला समजावणार नाही. उद्या तिच्या मांडीवर असंच मूल आलं, तर त्याला उचलून घ्यायला माझ्या अंगात बळ उरलेलं नसेल. एवढंच कळवायचं होतं.

लोभ असेलच.

राजी

बसवनगुडी,
ता. १८ जून

चि. राजीस आशीर्वाद.

तो कागद फाडून टाक. मी चुकीचा भरलाय.

मानसिंगच्या आधी मला मुलगी झाली होती. चंदनासारखीच दोन्ही पायांना सहावी बोटं. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी आली. पण जन्मापासूनच अंग लुळं होतं, म्हणून बारसं पुढे ढकलत राहिले; सात महिन्यांची झाली तरी मान धरेना. अकराव्या महिन्यात गेली. बारसं न झालेलं मूल आपल्यात मोजत नाहीत. कुणी विचारलं की मी दोनच सांगते. चाळीस वर्षं दोनच सांगतेय, आणि खोटं बोलतेय असं एकदाही मनात आलं नाही. तेव्हा पोटुशी असताना हातपंप हापसला म्हणून दोष माझ्यावर आला होता. तोच मी तुझ्यावर ढकलला. चुकले मी.

साखरपुडा थांबवलाय. काल विराट आणि भव्याला मीच घेऊन गेले, दोघांनी रक्त दिलं. महिन्याने कळेल.

तिथल्या बाईंनी मला विचारलं, मुलं किती. मी तीन म्हटलं. मग त्यांनी थोरलीचं नाव विचारलं, आणि मला काही सांगता आलं नाही.

तुझी,
आत्या