गोदासाठी कॉलेज पारखताना

१० जून १९८७, झरी
गोदा बारावी पास. थर्ड क्लास, पण पास ती पास. आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी माझी. मी पुढारलेला माणूस आहे हे मी कायम सांगत आलो, आता लोकांना दिसेल. पेढे वाटले.
संकल्प : कॉलेज मी स्वतः निवडणार. बैल घ्यायचा म्हटलं की अर्धं झरी मला सोबत नेतं. ज्याला बैल पारखता येतो त्याला कॉलेज काय अवघड? सौ. म्हणाली, गोदाला तरी इचारा. म्हटलं, बैल घेताना आपण पेरायच्या तिफणीला विचारतो का? ती उठून चुलीकडे गेली. पटलं असावं.

११ जून
गोदाची अडचण एकच. वाचन. कानावर पडलेलं विसरत नाही, पण पुस्तक समोर धरलं की अडखळते. बारावीचा अभ्यास शेजारच्या पारूने मोठ्याने वाचला, हिने ऐकला. पेपर मात्र निम्मे कोरे. गेल्या साली हैदराबादचे एक डॉक्टर परभणीला आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, डोळे उत्तम, बुद्धी उत्तम. फक्त अक्षरं ओळखायला मेंदूला जड जातं. हा रोग नाही आणि आळसही नाही. परीक्षेला लिहून देणारा माणूस आणि अर्धा तास जादा मिळाला तर मुलगी पुढे जाईल. यातलं 'बुद्धी उत्तम' मला पटलं. बाकी डॉक्टर लोकांना काहीतरी सांगावंच लागतं.
माझा उपाय : रोज बदाम, डोक्याला ब्राह्मीचं तेल, आणि पहाटे पाचला वाचन. मी घेणार.

१२ जून, सकाळी साडेआठ
जाग उशिरा आली. उद्यापासून नक्की.

१५ जून
अखेर वाचन घेतलं. संध्याकाळी. कारण पहाटे मेंदू थंड असतो असं आता माझं मत झालं आहे. स्टेशनकडच्या मोठ्या कॉलेजचं माहितीपुस्तक आणलं होतं. आधी मी दोन पानं वाचली, मग गोदाला दिली. आणि काय सांगावं! घडाघडा! कुठे अडखळणं नाही. पान उलटायचंसुद्धा राहून गेलं, पण वाचनात खंड नाही. एवढी एकाग्रता! चार दिवसांच्या बदामात हा फरक. पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं.
गोदा म्हणाली, अप्पा, ते म्या ऐकून म्हणलं. अक्षरं माझ्यासमोर उभीच ऱ्हाईनात. मुलगी फार नम्र आहे.

१७ जून
परभणी. कॉलेजं पाहिली. सोबत गोदा.
एक : स्टेशनकडचं मोठं. दोन मजले, समोर कारंजं (बंद), गेट असं की ट्रक जाईल. उभं कसं राहतं त्यावर जनावर कळतं. पसंत.
दोन : कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात नवीन निघालेलं छोटं कॉलेज. वर पत्रे. गेटला कुलूप नाही, कारण गेट नाही. एक सर दारातच खुर्ची टाकून पाच-सहा पोरांना शिकवत होते. फळा नाही, नुसतं बोलणं. म्हटलं, हे काय कॉलेज? मी समोर चहा प्यायलो. गोदा आत पाणी प्यायला गेली. पाणी प्यायला तिला अर्धा तास लागला. ऊन फार आहे.

२१ जून
बाजार. पेरणीला एक बैल कमी होता. मिळाला. पांढराशुभ्र, उंच, शिंगं कमानदार, चार माणसं वळून बघतात असा. गोदा सोबत होती. ती म्हणाली, अप्पा, आधी जुपून बघा, हा लय पाय बदलायलाय. मी हसलो. माझा हात रुमालाखाली गेला की भल्या भल्या दलालांना घाम फुटतो. गोदाला ते ठाऊक आहे; लहान होती तेव्हा माझ्याबरोबर यायची. वरून रुमाल, खाली बोटं. जितकी बोटं दाबली तितका आकडा. चारचौघांत भाव होतो आणि चारचौघांना कळत नाही. तिला हे सगळं शाळेत जायच्या आधीच येत होतं. अक्षरं तेवढी येत नाहीत. देवाची गंमत.
बैल घेतला. कॉलेजही ठरलं. एकाच माणसाची नजर.

२४ जून
मोठ्या कॉलेजात प्रिन्सिपॉल साहेबांना भेटलो. केबिनमध्ये चार-पाच माणसं. अर्धा तास जादा मागायचा होता. डॉक्टरांवर विश्वास नाही, पण घ्यायला काय जातं? चारचौघांत मागणं बरं दिसेना. म्हणून हात मिळवताना साहेबांच्या हातावर हळूच उपरणं टाकलं आणि खाली तीन बोटं दाबली. तीन म्हणजे तीस मिनिटं. साहेबांनी हात असा ओढला की टेबलावरची शाई सांडली. शिपायाला हाक मारली.
मी समजावलं की लाचबिच काही नाही. पण गैरसमज वाढायला लागला, तेव्हा विषय बदलावा म्हणून म्हटलं, तसं जादा वेळेचं काही कामच नाही, आमची मुलगी घडाघडा वाचते. गोदा, ती भिंतीवरची नोटीस वाचून दाखव.
गोदा नोटिशीपुढे उभी राहिली. एक शब्द वाचला. दुसरा अर्धा. मग नुसतीच उभी. बाकावरचा एक कारकून हसला, मग दुसराही. साहेब म्हणाले, यंदा जागा भरल्या.
गोदा रडली नाही. झरी येईपर्यंत एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं असं पेडगाव फाट्यापासून वाटत होतं, तेवढ्यात झरी आलं. ती नोटीस छापणाऱ्याची अक्षरं बारीक होती, हेही खरं.

२६ जून
सौ. बोलत नाही. जेवण वाढते, बोलत नाही.

२८ जून
मेव्हणे तात्याराव आले. पेडगावचं स्थळ घेऊन. मुलगा दूध डेअरीत आहे, बारा एकर जमीन. तात्याराव म्हणाले, पोरीला वाचता येईना तं कॉलेज कशाला पायजे? दिवाळीनंतर उरकून टाका. मी हो म्हटलं. पुढारलेल्या माणसालाही व्यवहार पाहावा लागतो. मोठ्या कॉलेजने नाही म्हटलं त्यात माझा काय दोष? पाहुणे रविवारी येणार.
गोदाला सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग गोठ्यात जाऊन पांढऱ्या बैलाला चारा टाकत बसली.

२ जुलै
पेरणी. पांढरा बैल तिफणीला जुंपला. अर्ध्या तासात तासातच, म्हणजे पेरणीच्या ओळीतच, बसला. शेपटी पिळली, हाळी दिली, गूळ दाखवला. गूळ खाल्ला, उठला नाही. बांधावर गर्दी. आश्रुबा, माझा सालगडी, म्हणाला, मालक, हा बसकाच हाय, जुपलं की बसणार. बैल परगावच्या हवेने बिचकला असावा. दोन दिवसांत रुळेल.

४ जुलै
रुळला नाही.

५ जुलै, रात्री
पाहुणे आले. अंगणात घोंगडी अंथरली. तात्याराव, मुलगा, त्याचे वडील, अजून तिघं. गोष्टी चांगल्या चालल्या होत्या. मुलाचे वडील म्हणाले, तुळशीचं लगीन झालं की करून टाकू. मी तोंड उघडणार तोच गोदा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता माझ्या खांद्यावरचं उपरणं घसरलं. ती सावरायला वाकली आणि उपरणं माझ्या हातावर टाकलं. खालून तिचा हात.
तीन बोटं दाबली.
मला क्षणभर कळेना. मग कळलं. कॉलेज तीन वर्षांचं असतं. हजार बाजार केले, पण माझ्या हाताला असा घाम कधी फुटला नव्हता. मी एक बोट दाबलं. एक वर्ष देतो. तिने तीन. मी दोन. तिने तीन, आणि हात सोडेना. पाहुणे चहा फुंकत होते. तिच्या बोटांना धग होती. पोरीचा मला असा राग आणि असा अभिमान एकदम कधीच आला नव्हता.
तिसरं बोट मीच दाबलं. पाहुण्यांना सांगितलं की तीन वर्षं मुलीचं लग्न नाही. तात्याराव तसेच उठले. चहा अर्धा राहिला.

६ जुलै
सौ. बोलली. म्हणाली, गोदाचं नाव त्या पत्र्याच्या कॉलेजात कधीच घातलंय. मी नि गोदा तवाच जाऊन आलो, तुमी नव्या बैलाला झूल शिवून घ्यायलाल तवा. तिथले ते दारात बसणारे सीताराम सर तोंडी शिकवतात. पाणी प्यायला गेली त्या दिवशीच गोदाने त्यांना सगळं सांगितलं होतं : मला वाचता येत न्हाई, ऐकता येतं, चालंल का? सर म्हणाले, चालेल. परीक्षेला लिहून देणारा माणूस मागू. मिळेल की नाही सांगता येत नाही, पण मागू.
म्हणजे सौदा आधीच झाला होता. माझी नुसती बोटं वापरली.
तरी कॉलेज दाखवायला तिला परभणीला मीच नेलं होतं, ही नोंद राहू द्यावी.

१३ जुलै
कॉलेजचा पहिला दिवस. सोबत जायचं ठरवलं होतं. धोतर, कोट, सगळं काढून ठेवलं. गोदा म्हणाली, अप्पा, तुमी नका येऊ. एसटीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा म्हणाली, आलात तर उपरणं घरी ठिवून या.
एसटी गेली. शेतावर आलो. बैल तासात बसलेला आहे. आश्रुबा जेवायला गेला आहे. मी बैलाशेजारी बसलो आहे.