अचानक वाढलेल्या गिऱ्हाइकांची चौकशी होणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
बसस्थानकासमोरील पोलीस ठाणे.

विषय : माझ्या लॉजवर सरळ दिसणारी नवी गिऱ्हाइके सातत्याने येत असून त्यामागील सूत्रधार शोधून काढणेबाबत.

संदर्भ : याच विषयावर मी ठाण्यात समक्ष दिलेली तोंडी माहिती. ती ऐकताना आपले हवालदार हसत होते.

महोदय,

१. मी खाली सही करणार, बसस्थानकामागील दुमजली लॉजचा मालक, आपणांस सादर करतो की, माझा लॉज आजवर कधीही भरलेला नव्हता. आडबाजूला असल्याने चुकलेमाकलेले प्रवासीच तेवढे येत. परंतु उन्हाळ्यापासून एकही खोली रिकामी राहत नाही. समोरच्या लॉजला लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. ते सोडून लोक माझ्याकडे येतात, यात नक्कीच कुठेतरी पाणी मुरते आहे.

२. येणाऱ्यांत बहुतेक एकट्या बायका असतात. कोणी परीक्षेला आलेली, कोणी औषधकंपनीची विक्रेती, कोणी नवऱ्याला दवाखान्यात दाखल करून आलेली. भाड्यात घासाघीस करत नाहीत, ओळखपत्र मागण्याआधीच पुढे करतात. माझे उभे आयुष्य या धंद्यात गेले, पण इतकी सरळ माणसे लागोपाठ आलेली मी पाहिलेली नाहीत.

३. मी माझ्या परीने बंदोबस्त ठेवलेला आहे. जिन्यापाशी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसतो. भेटायला म्हणून आलेल्या पुरुषास खालीच थांबवून त्याची उलटतपासणी घेतो. गिऱ्हाइकाने आतून कडी लावली की बाहेरून दार ढकलून पाहतो, कारण कडी मुद्दाम उघडी ठेवून सकाळी घड्याळ गेल्याची बोंब मारणारे लोक असतात. चादरी व बादल्यांवर माझी खूण आहे. ती नेमकी कोठे आहे, हे या अर्जात लिहीत नाही.

एवढे करूनही कोणी चिडत नाही. उलट एक नर्सबाई सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "काका, तुम्ही दार ढकलून पाहिलंत ना, तेव्हा कुठे मला झोप लागली." म्हणजे मी दार ढकलले तेव्हा या बाई जाग्या होत्या. का जाग्या होत्या, याचा तपास व्हावा. पुढच्या खेपेला त्या आपल्या धाकट्या बहिणीलाही घेऊन आल्या.

४. मी स्वतः केलेल्या चौकशीत बसस्थानकाच्या महिला प्रतीक्षालयात एक रंगवलेली पाटी आढळली. मजकूर असा : "एकट्या आहात? आमचे मालक कोणावरही विश्वास ठेवत नाहीत. निर्धास्त झोपा." अक्षर माझ्या सुनेचे आहे. मुलगा परगावी नोकरीला असल्याने लॉजचे काउंटर तीच सांभाळते. घरच्याच माणसाने सासऱ्याची बदनामी अशी चारचौघांत टांगावी, याला काय म्हणावे?

जाब विचारला असता ती जराही वरमली नाही. "बाबा, यात खोटं काय आहे? समोरच्याकडे गरम पाणी आहे, आपल्याकडे तुम्ही आहात," असे म्हणाली. या बोलण्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

५. एका पाटीने एवढी माणसे येतील, हे मला पटले नाही. सून समोरच्या लॉजवाल्याला सामील असावी, आधी गिऱ्हाइके भरून मला गाफील करायचे व मग लॉज लाटायचा असा बेत असावा, अशी माझी शंका होती. ती मी तिला गिऱ्हाइकांदेखत बोलून दाखवली. तिने काउंटरच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि सोमवारी माहेरी जाते, एवढेच सांगितले.

ती आंघोळीला गेली असता मी तिची बॅग तपासली. लॉजचे टॉवेल सापडणार, अशी माझी खात्री होती. बॅगेत फक्त तिचे कपडे निघाले, तेही माहेरून आणलेले. आम्ही घेतलेली एकही साडी तिने त्यात भरली नव्हती. साहेब, मला फार वाईट वाटले. नियमात बसत नसले तरी हे येथे लिहितो.

६. तरी विनंती की, गिऱ्हाइकांची चौकशी आपल्या सवडीने झाली तरी चालेल. मात्र सोमवारच्या आत एखादा जबाबदार कर्मचारी, शक्यतो न हसणारा, पाठवून माझ्या सुनेस समज देण्यात यावी की तिने जाऊ नये, तिच्यावर कोणाचाही संशय नाही, आणि ती गेल्यास या घरात बोलायला माणूस उरणार नाही.

हे मी स्वतः का सांगत नाही, असे आपण विचाराल. मी काल सांगायला गेलो होतो. जमेल तितके गोड बोललो. तिने माझे सगळे ऐकून घेतले, बॅग उचलून माझ्यापुढे उघडली आणि म्हणाली, "घ्या बाबा, बघून घ्या एकदा."

आपला नम्र व सावध,

(सही)
लॉजमालक

दिनांक : शुक्रवार, टपालावर भरवसा नसल्याने समक्ष