टेबलावरचा समुद्र

२७ ऑक्टोबर २०१४, सोमवार. सकाळ.
पहाटे पुन्हा तोच आवाज कानात. सातवी ब, अख्खा वर्ग एका सुरात समुद्राची कविता म्हणतोय. पहिल्या बाकापासून उठलेला सूर मागच्या भिंतीवर फुटून परत यायचा. मी म्हणायचो, पोरांनो, समुद्राचा आवाज हुबेहूब असाच असतो. सगळी नोकरी हेच सांगत आलो. समुद्र पाहिला नव्हता, अजून नाही. ज्यांना कल्पनाशक्ती नाही त्यांनी पाहावा.

सौ. जमुनेला लग्नाच्या वर्षीच शब्द दिला होता, समुद्र दाखवीन म्हणून. पूर्वी दर उन्हाळ्यात आठवण करायची. आता करत नाही. तिला वाटतं मी विसरलो. तिरोड्याहून पुरीला जायचं म्हणजे ती गर्दी, ते धर्मशाळेचं पातळ वरण. कोण भोगणार? त्यापेक्षा समुद्रच घरी आणला. काचेची टाकी, खारं पाणी, निळा लाइट. उद्या नागपूरचा दुकानदार लोकेंद्र प्रवाळ आणून देणार. फुलले की पहिल्यांदा जमुनेलाच दाखवायचे. शब्द पूर्ण.

२८ ऑक्टोबर.
प्रवाळ आले. लोकेंद्र त्यांना कोरल म्हणतो. म्हणाला, आधी खाली तळाशी ठेवा, उजेडाची सवय होऊ द्या, एकमेकांपासून दूर ठेवा, एक दुसऱ्याला डसतो. मला लावणी शिकवतो! आमचे पूर्वज माळव्यातून आले आणि इथे धान पिकवून दाखवलं. तो गेल्यावर सगळे वर घेतले, लाइटच्या अगदी खाली, रोवणीसारखे ओळीत, चार-चार बोटांवर. दिसायला धानाची बांधीच, झकास.
जमुना म्हणाली, दगडं कायले रोवून राहिले जी? फुलल्यावर कळेल.

३० ऑक्टोबर, दुपारी.
खाण्याचा प्रश्न. लोकेंद्रच्या मते आठवड्यातून दोनदा, चिमूटभर. व्यापारी तो व्यापारीच. आमच्याकडे जावयाला असं वाढलं असतं तर सोयरीक मोडली असती. सकाळी खाऊ घातलं, प्रवाळांनी तोंडं मिटली. साहजिक आहे. नवा जावई पहिल्या पंगतीत ताटावर हात आडवा धरतोच; म्हणून कोणी वाढायचं थांबतं का? आग्रह केला. पुन्हा केला.
बाजारातून सुके झिंगे आणून मिक्सरमध्ये बारीक केले. जमुनेच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे लक्षात होतं. पण मिक्सर धुतला होता. दोनदा.

३१ ऑक्टोबर.
जमुनेने मिक्सर अंगणात नेऊन ठेवला आणि पिशवी भरली. तुमचा समुद्र तुमी सांभाळा म्हणाली. देवरीला भावाकडे, नंदलालकडे, जाते म्हणे. जाऊ दे. देवरीत आहे काय? जंगल आणि हायवेवरचे ट्रक. कंटाळून स्वतःच फोन करील.
संकल्प: आपण फोन करायचा नाही.

१ नोव्हेंबर.
शेजारचा चुन्नीलाल लोणचं मागायला आला. त्याच्या अनसूयाबाई भजन मंडळासोबत कुठे बाहेर गेल्यात. टाकीपुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, अखेर या माणसाला सौंदर्य दिसलं. म्हणाला, यातलं खायचं कोणतं?
बोदलकसा तलावाच्या मासळीपलीकडे दृष्टी न गेलेला प्राणी. लोणचं दिलं नाही.

३ नोव्हेंबर.
आनंद! एका प्रवाळाने लांब लांब बोटं काढून शेजारच्याला मिठी मारली. शेजारचा पांढराशुभ्र झाला, कुंदासारखा. यावर चार ओळी सुचल्या, पैकी दोन उत्तम.
लोकेंद्रला कळवलं. म्हणतो, गुरुजी, वो जल गया, आज ही अलग करो, आणि खाणं बंद करा. याला मिठीत जळणंच दिसतं. संसार कसा करत असेल देव जाणे.
रात्री आग्रह वाढवला. अशक्तपणा असेल.

५ नोव्हेंबर.
जमुनेचा फोन नाही. हट्टी घराणं आहे. मी नंदलालला केला. हा फोन जमुनेला नव्हे, त्यामुळे संकल्प मोडलेला नाही. म्हणाला, ताई आंघोळीले गेली. दुपारी बारा वाजता! संध्याकाळी केला, तेव्हाही आंघोळीलेच. देवरीत एवढं पाणी कुठलं?

६ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा.
सकाळी अनोळखी नंबर. नुसती घरघर. वाढते, कमी होते, परत वाढते. भरडायला धान दिलंय त्या राइस मिलवरचाच कोणी असणार. बोलायचं सोडून मशीन ऐकवतो! आधी मशीन बंद कर गाढवा, म्हटलं आणि फोन कापला. परत तेच. परत कापला. वर्गात असता तर डस्टर आपटून गप्प केला असता.
टाकीतलं पाणी दुधासारखं झालंय. क्षीरसागर. चिंता नाही.
रविवारी जमुनेला घ्यायला देवरीला जायचं. तोवर पाणी निवळेल आणि सगळे फुलतील.

८ नोव्हेंबर.
सगळेच पांढरे. वास येतो आहे. चुन्नीलालने भिंतीपलीकडून विचारलं, उंदीर मेला का गुरुजी? त्याच्या नाकाला खाऱ्या हवेची सवय नाही.
प्रवाळ विश्रांती घेत असावेत.
संध्याकाळी एकाला बोट लावलं. बोटाला चिकटून आला.

९ नोव्हेंबर, रविवार.
सकाळपासून बादल्यांनी समुद्र मोरीत ओततो आहे. देवरीची बस चुकली. जमुनेला काय दाखवू? वाळू उरली आहे. थोडी वाळू, एक शंख.
दार वाजलं. चुन्नीलाल असणार म्हणून बादली हातात घेऊनच उघडलं. दारात नंदलाल. मी त्याच्या मागे पाहिलं. जमुना नव्हती.
तो म्हणाला, "जीजाजी, ताईची गाडी येऊन राहिली, तुमी अजून घरीच?"
देवरीची गाडी कोणती, विचारलं. म्हणाला, देवरी कायची? अनसूयाबाईंच्या मंडळासंगं पुरीले गेली ना. जाताना एक रात्र फक्त त्याच्याकडे होती. तुमाले सांगू नोको म्हणे ताई, आधी मीच दाखवीन त्यायले. म्हणून तर पौर्णिमेला लाटांत उभी राहून अनसूयाबाईंच्या फोनवरून तुमाले समुद्र आयकवला.
मग बादलीकडे पाहत हळूच म्हणाला, "ताईले तुमी गाढवा काऊन म्हटलं जी?"
नंदलाल बाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा आहे. मला चप्पल सापडत नाही. इंजिनची घरघर घरभर भरली आहे. बंद कर म्हणणार होतो. म्हटलं नाही.