बशीतल्या पेशी

ताईला सप्रेम नमस्कार,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. खोलीत आम्ही तिघे. लोक पर्यटनाला का जातात, यावर एकाचं संशोधन. तो स्वतः कुठ्ठे जात नाही. दुसरा कधीच न दिसलेल्या कणाच्या मागे लागलाय. त्यातल्या त्यात बाबांच्या उपयोगाचा मीच, असं आई अजून सगळ्यांना सांगत सुटते का?

तिला सांगू नकोस, पण माझ्या प्रयोगातलं यंदाचंही औषध फुकट गेलं. बाबांना झालाय त्याच कॅन्सरच्या पेशी मी प्रयोगशाळेत वाढवतो. त्यांना ऊब देतो, भरवतो. घरी यायला सुट्टी मागितली, तर सर म्हणाले, "मग त्यांचं कोण करणार?"

बाबा दोन घास तरी खातात का गं? माझ्या बशीतल्या पेशी सगळं फस्त करतात.

तुमचंच,
शेंडेफळ