शिक्के नसलेली पाच वर्षं

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज डोरीन फंग यांना ‘नाही’ म्हणाले. वय एकोणऐंशी, दोन बस बदलून माझ्या लायब्ररीत आल्या होत्या. वडील चीनमधल्या कँटनहून इथे ब्रिटनमध्ये आलेले खलाशी. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्यात भरती झाले. युद्धस्मारकाच्या नव्या पाटीवर, लढून परतलेल्यांमध्ये, त्यांचं नाव हवंय. पण लष्करी कागद एकही नाही. आणि स्मारक समितीची सेक्रेटरी मी, फॉर्मही माझाच — ‘लष्करी कागदपत्रं जोडा.’

जाताना म्हणाल्या, ‘तुझा काही दोष नाही, लव्ह. डॅडना नकाराची सवय होती.’

१५ सप्टेंबर

नियमाने वागले, की नियमामागे लपले?

२१ सप्टेंबर

नवऱ्याला, श्रीकांतला सांगितलं. हसायलाच लागला. ‘आणि हे कोण म्हणतंय? जिने २००९ची गॅसची बिलं अजून फाइलला लावून ठेवलीत!’

खरंय. व्हिसासाठी आम्ही काय काय जपलं — बँकेची पत्रं, बोर्डिंग पाससुद्धा. माणूस कुठल्याही कागदावरून सिद्ध होतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी मात्र बाईंकडे एकाच जातीचे कागद मागितले.

फोन केला. वडिलांचा कुठलाही कागद आहे का? बाई म्हणाल्या, ‘एक आहे. दाखवण्यासारखा नाही. डॅड म्हणाले होते, जाळून टाक.’

२८ सप्टेंबर

करड्या पुठ्ठ्याचं लहानसं पुस्तक. परक्या देशातल्या माणसाची पोलीस नोंद — फोटो, अंगठा, ठाण्यातल्या हजेरीचे शिक्के.

‘लढाईनंतरही जावं लागायचं,’ बाई म्हणाल्या. ‘मला बोटाला धरून न्यायचे. मला वाटायचं, डॅडनी काहीतरी चोरलंय.’

मी पानं उलटत होते. मार्च १९४१ला शिक्के थांबतात. तिथे शाईने एक ओळ — सैन्यात दाखल, हजेरी माफ. खाली सैनिक क्रमांक. पुढचा शिक्का थेट १९४६चा.

बाईंनी ते पान कधी वाचलंच नव्हतं. लाजेने.

३ ऑक्टोबर, गुरुवार

समितीची मीटिंग. अध्यक्ष नॉर्मन, माजी सैनिक, म्हणाले, ‘पोलिसांचा कागद आपल्या फॉर्ममध्ये बसत नाही.’

‘फॉर्म चुकलाय,’ मी म्हणाले. ‘मी केलाय, म्हणून सांगते.’

नॉर्मननी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. ‘सैनिकाचा क्रमांक तो सैनिकाचा क्रमांक. नाव कोरा.’

एकमताने! फॉर्ममधला ‘लष्करी’ शब्द मी तिथेच खोडला.

१० नोव्हेंबर, रविवार

पाटी उघडली. फंग वाई-मिंग. बाईंनी लाल कोट घातला होता. पुष्पचक्र वाहिलं, मग नावावरून सावकाश बोट फिरवलं. नॉर्मननी कडक सॅल्यूट ठोकला. पेपरवाल्याने फोटो मागितला, तर बाईंनी पर्समधून ते पुस्तक काढून छातीशी धरलं.

‘बघू दे सगळ्यांना,’ म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लायब्ररी उघडायला गेले, तर दारात रांग. सहा चिनी कुटुंबं. सहा करडी पुस्तकं.