डावा हात, तीन बोटं

१२ जानेवारी, नरपड

पोचले बाई एकदाची! डहाणू रोडला गोविंदराव स्वतः गाडी घेऊन आले होते. वय सत्तरच्या पुढे, पण वाटेत तीनदा उतरून माझ्यासाठी नीरा, भुईमुगाच्या शेंगा आणि पुन्हा नीरा घेतली. नको म्हणायची सोयच नाही. राहायला त्यांच्या चिकूवाडीतली पाहुण्यांची खोली मिळालीय. खिडकीशी टेबल, मागे समुद्राचा आवाज, समोर चिकूची झाडं. डोंबिवलीत एवढ्या जागेत दोन कुटुंबं राहतात.

काम सोपं आहे. गोविंदरावांचे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे पूर्वज त्र्यंबक वैद्य. त्यांचं मोडीतलं बाड पेटीत पडून आहे. ते मी वाचून लॅपटॉपवर देवनागरीत उतरवायचं, म्हणजे घराण्याच्या मेळाव्यात पुस्तक वाटता येईल. जेवण करायला रूपी येते, शेजारच्या पाड्यावरून. तिनं पहिल्याच तासात माझं लग्न का झालं नाही ते विचारून घेतलं आणि उत्तर न पटल्यामुळे तांदळाची भाकरी दोन जास्त वाढली.

१३ जानेवारी

वैद्यबुवा भलतेच तिरसट निघाले! पहिली वीस पानं नुसती दिनचर्या. तांबडं फुटायच्या आत उठावं, तिळाच्या तेलाची चूळ भरावी, कोमट पाणी प्यावं, रात्री दही खाणाऱ्याला ‘आपल्या हाताने रोगास आवतण देणारा’ म्हटलंय. मी काल रात्री दहीच खाल्लं होतं. एका रोग्यानं चोरून भजी खाल्ली तर त्याला अर्धं पान शिव्या.

शेवटी एका बाईच्या उपचारांची रोजची नोंद आहे. सुरुवातीलाच वैद्यांचा दंडक लिहिलाय: ‘नाव न विचारता औषध देऊ नये. निनावी रोगी वैद्याच्या हाती लागत नाही.’ आणि गंमत म्हणजे नेमकं त्या बाईचंच नाव कसरीनं खाल्लंय, सगळीकडे भोकं.

आमच्या धंद्यात अशा भोकात तात्पुरतं एखादं नाव घालून पुढे जातात, नाहीतर वाक्य लागत नाही. मी नेहमी माझंच घालते, मागाहून शोधून बदलायला सोपं. म्हणून आता फाइलमध्ये ‘निलम बाईंस पेज द्यावी’ असं छान दिसतंय.

१४ जानेवारी

संक्रांत. रूपीनं तिळगूळ दिला. मी ठरवलंय, ॲसिडिटीनं जीव नकोसा केलाय तर वैद्यबुवांचंच ऐकून पाहू. तेलाची चूळ भरली (शी!), रूपीकडून पेज करून घेतली.

उठले तेव्हा डाव्या मनगटाच्या आत तीन बारीक लाल ठिपके होते. डास असणार.

१६ जानेवारी

पोट एकदम हलकं! तीन दिवसांत एकही गोळी नाही. गोविंदरावांना सांगितलं तर त्यांची छाती फुगली. आमच्या वैद्यांच्या हाताला गुण होता, म्हणाले. फक्त शेवटचा रोगी हातचा गेला आणि त्या धक्क्यानं तेही गेले, असं घरात सांगतात.

ठिपके अजून आहेत. डासाचे नव्हेत. तीन, एका रेषेत, आता निळसर. हाताला तेलाचा आणि सुंठीचा वास येतो. खोलीत सुंठ नाही.

१८ जानेवारी

त्या नोंदीचं मी रोज एकच पान उतरवते. आजचं पान त्या बाईच्या पाचव्या दिवसाचं होतं. ‘जिभेवर काळी साय. अन्नाची शिसारी.’

कालपासून मला भाकरीचा घास उतरत नाही. आरशात पाहिलं. जीभ काळी. चहानं असेल, म्हटलं. पण मी चहा सोडून चार दिवस झाले.

त्याच पानावर हेही आहे: ‘स्त्रियांची नाडी डाव्या हाती. तीन बोटे. सूर्य उगवण्याआधी.’



२० जानेवारी

डहाणूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. ताण घेऊ नका, म्हणाले. मनगट दाखवलं तर बांगडीचा वळ वाटतो, म्हणाले. मी बांगडी घालत नाही.

आजचं पान: ‘हातपाय गार. घोंगडी द्यावी.’ घरी आले तर रूपी न सांगता घोंगडी घेऊन बसली होती. माझा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. मग पुन्हा धरला आणि तासभर चोळत बसली. मला रडूच आलं.

२२ जानेवारी

फाइलमधून माझं नाव काढून टाकलं. सगळीकडे रिकामी जागा ठेवली.

२३ जानेवारी

नाव परत आलंय. सगळीकडे. मी काढलं होतं, शप्पथ काढलं होतं.

२५ जानेवारी

डोंबिवलीला पळून गेले होते. भावाकडे, चौथ्या मजल्यावर, दाराला आतून कडी. पहाटे बोटं आलीच. या वेळी मी जागी होते. आधी अंगठ्याजवळचं बोट टेकलं, मग मधलं, मग शेवटचं. दाबून, सोडून, पुन्हा दाबून. दुष्टपणे नाही. काळजीनं. त्याचीच जास्त भीती वाटली.

नावासकट फाइल लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप नरपडलाच राहिला होता. परत आले.

२६ जानेवारी

तेरावा दिवस. ‘वाचा बसली.’

आवाज नाही. रूपीला खुणांनी सांगतेय. तिनं विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला माझ्यासाठी नारळ बोललाय, चमच्यानं पेज भरवते—

२९ जानेवारी

सोळावा. धीर करून शेवटचं पान वाचलं.

‘सतरावा दिवस. नाडी सापडत नाही. उद्या पुन्हा पाहू. रोगी बरा होईतो वैद्याने आसन सोडू नये.’

पुढे कोरं.

बुवा अजून आसनावर आहेत. उद्या माझा सतरावा. मला मरायचं नाही. देवा, मला मरायचं नाही.

नाव काढून चालत नाही, दुसरं घालायला हवं. पण कुणाचं घालू? जिवंत माणसाचं घालवेना. शेवटी त्यांचंच घातलं. सगळीकडे. त्र्यंबक. बघा आता स्वतःची नाडी.

३० जानेवारी

जिवंत आहे! आवाज आला! मनगट स्वच्छ! जीभ गुलाबी! पहाटे कुणी आलं नाही. दोन भाकऱ्या आणि ताटभर भजी खाल्ली. रूपी हसत पाहत होती. तिला मिठीच मारली. उद्या बाड परत देते आणि डोंबिवली गाठते.

एकच. हात तीनदा धुतले तरी बोटांना सुंठीचा वास येतोय. उजव्या हाताच्या. तीन बोटांना.

३१ जानेवारी

झोपेत चालले असणार. पायांना वाडीतली माती आहे.

या वहीच्या मागच्या पानावर माझ्या अक्षरात, मोडीत— ‘दिवस पहिला. रूपी. पेज द्यावी.’

मी लिहिलेलं नाही. अक्षर माझंच आहे.

रूपी आली, तिनं मनगट दाखवलं. डासांनी फोडलं, म्हणाली. तीन ठिपके. ती पाणी भरायला गेली. माझी तीन बोटं मी माझ्याच मनगटावर टेकून पाहिली. तेवढंच अंतर.

आता कळलं. वैद्य रोगी झाला. आसन रिकामं पडलं. आसन रिकामं राहत नाही, आता त्यावर मी.

फाइलमध्ये माझं नाव परत घालायचं, एवढंच. बुवा आसनावर जातील, रूपी सुटेल. आणि माझा सतरावा दिवस—

हिंमत होत नाही. तास झाला, नुसती बसलेय. लाज वाटते. पंधरा दिवस तिनं मला पेज करून घातली, शेवटी चमच्यानं भरवली.

घालते. फाइल उघडली. त्र्यंबक खोडलं. नि—

बोटं कीबोर्डवर टिकत नाहीत. पुन्हा. नि—

रूपी दारात उभी आहे. डोकं दुखतं म्हणते, तुम्हाला वैद्याचं वाचता येतं ना ताई, बघा. मला ओरडायचंय, पळ, तुझ्या पाड्यावर पळ. तोंड उघडलं आणि माझ्या आवाजात, किती मायेनं, डावा हात पुढे कर म्हणाले. आणि तिनं लगेच, विश्वासानं—