गुपचूप ओवाळ म्हणालास

तुर्भे, ता. ८ डिसेंबर

ती. विजयमालाताईस,
शिवतेजचा शि. सा. न. वि. वि.

भरतीत छाती कमी भरली तेव्हा तूच म्हणालीस, देशाची सेवा कुठूनही होते. झाली बघ! इथं मार्केटात हमाली करताना एका साहेबांची ओळख झाली. सरकारचं गुप्त काम करतात. मोरा जेट्टीजवळ गोटीराम नावाचा म्हातारा बंदराचे फोटो काढून शत्रूला पाठवतो म्हणे. त्याला शुक्रवारी संपवायचं काम माझ्याकडं आलंय. पैसे मिळणार आहेत, पण पैशासाठी करत नाही, आईशप्पथ. दाजी सीमेवर निघाले तेव्हा ओवाळलंस, तसं माझ्या फोटोला ओवाळ. फक्त गुपचूप. साहेबांनी माझा फोन काढून घेतलाय, म्हणून पत्र आपल्या गावच्या बाबासोच्या टेम्पोतून धाडतोय. आईला सांगू नको, उगाच टेन्शन घेईल.

माया पातळ करू नकोस.
तुझा शिवतेज

मोरा, ता. १० डिसेंबर

चि. शिवतेज यास,
अनेक आशीर्वाद, पण जपून वापर.

मेल्या, पत्र वाचलं. फौजेत निघालेल्याला ओवाळायला अख्खी गल्ली एसटी थांब्यावर येते. तुझ्या दाजींना सोडायला वाजंत्री होती. तिरंग्यात परत आले तेव्हाही सगळा गाव होता. चोरून ओवाळून घेणारा कसला जवान रे? तिथंच ओळखलं, कुणीतरी तुला बनवलंय. आईला देवदर्शनाचं सांगितलं आणि बाबासोच्याच टेम्पोत बसून इथं आले.

तुझा शत्रू पाहिला. अंगणात जवळा वाळवत असतो. फोटो काढतो हे खरं, पण खाडीत चोरून भराव टाकणाऱ्या डंपरांचे. ते कोर्टात दिलेत. त्याची बायको गिरजाबाई सांगते, भुवईवर खूण असलेला एक ठेकेदार धमकावून गेला. तुझे साहेबही असेच दिसतात का?

मी कोण ते बोलले नाही. त्यांनी हाताला धरून जेवायला बसवलं. शुक्रवारी मी इथंच ओट्यावर असेन.

सुबुद्धी होवो.
तुझी ताई

तुर्भे, ता. ११, सकाळ

ती. ताईस सा. न.

तोच गं तो! भुवईवर खूण आहे. मारायला दिलेलं सामान त्याच्या पुढ्यात टाकलं आणि नाही म्हणालो. तर हसला. म्हणाला, उद्या दुसरा जाईल. बाबासोच्या फोनवरून किती वेळा लावला, तू उचलत नाहीस. पाया पडतो, आजच नीघ. माझ्या हातून पाप झालं नाही, एवढं पुरे.

राग सोड.
शिवतेज

मोरा, ता. ११, दुपार

चि. शिवतेज यास आशीर्वाद.

फोन मुद्दाम उचलला नाही. आवाज ऐकून विरघळले असते. आणि पुरे काय रे? तू नाही तर दुसरा, गोटीरामभाऊ मरणारच ना? त्यांना सगळं सांगून टाकलं, तू माझा भाऊ हेही. गिरजाबाईनं तोंडावर दार लावलं. मी ओट्यावरच बसून राहिले. मग दार उघडून तांब्याभर पाणी दिलं.

पोलिसांत जाऊन आले. ते म्हणाले, ज्याला सुपारी दिली त्यानं स्वतः येऊन साहेबाचं नाव सांगायला हवं. बाबासो हे पत्र न्यायला थांबलाय, त्याच्याच टेम्पोत बस आणि ये. जबाब दिलास की तुलाही आत घेतील. मला ठाऊक आहे. आईला मी सांभाळीन. तरी ये, माझ्या राजा. मी इथून हलत नाही, आणि उद्या शुक्रवार आहे.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी ताई